दोर पुरा होईपर्यंत

मास्तर आले तेव्हा दोर चालू होता, म्हणून ते फाटकाशीच उभे राहिले. सव्वीस वर्षांच्या घरमालकीत एवढं त्यांना कळलं होतं. चाक फिरत असताना या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही आणि मारली तरी कुणी ओ देत नाही. त्यांनी छत्री उघडली आणि खाली बघत उभे राहिले.

चाकावर घरची सून होती. गावात तिला चाकवालीच म्हणत. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्याने तिच्या हातात चाकाचा दांडा दिला होता, तो अजून सुटला नव्हता. चाकाला तीन लोखंडी आकडे, तीन आकड्यांना घायपाताच्या वाखाचे तीन पेड, आणि ते पेड भिंतीच्या कडेने थेट साठ पावलं लांब ताणलेले. तिकडच्या टोकाला एक जाड फळी होती, जमिनीवरून घसरत पुढे येणारी, आणि त्या फळीवर सासरा बसलेला. त्याचं काम एकच, वजन होऊन बसायचं. पीळ चढला की दोर आखडतो आणि फळीला पुढे ओढतो. फळी हलकी असली तर दोर ढिला होतो. म्हातारा एके काळी चांगला भरलेला गडी होता, तेव्हा नुसता बसला तरी भागायचं. आता दर वर्षी त्याच्या शेजारी एक दगड वाढवावा लागत होता. "खरं काम दगडांचं, मी आपला सोबतीला," असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मधे दोरवाला. हातात तीन खाचांचा लाकडी ठोकळा धरून तो बापाकडून बायकोकडे एकेक पाऊल येत होता आणि त्याच्या पाठीमागे तीन पेडांचा एक दोर होत होता. ठोकळा चालू लागला की तो तोंड उघडत नसे. बोललं की श्वास चुकतो, श्वासाबरोबर पाऊल चुकतं, आणि चुकलेलं पाऊल दोरात कायमचं राहतं, ही बापाची शिकवण. चाकवालीला बोलायची मुभा होती, पण दांडा सोडायची नव्हती. तिने हात काढला की चाक उलटं गरगरणार, पेड एकमेकांत गुरफटणार आणि दिवसाचं काम उकिरड्यावर जाणार.

ठोकळा चाकाला टेकला, दोरवाल्याने टोक आवळून बांधलं, तेव्हा कुठे मास्तर आत आले.

"काय मास्तर, उन्हाचे?" दोरवाल्याने विचारलं.

"बसतो जरा." पण ते बसले नाहीत. छत्री मिटली, पुन्हा उघडली. "मुलगी मागे लागलीय, तिच्याकडे येऊन राहा म्हणते. गुडघे तर तुम्ही बघताच माझे. तेव्हा ही जागा काढायचं चाललंय."

दोरवाला ठोकळ्याच्या खाचेतला वाखाचा तंतू नखाने काढत राहिला.

"मी तुम्हाला घालवत नाही," मास्तर म्हणाले, "पण घेणारा काय म्हणेल ते माझ्या हातात नाही. कुठे बघून ठेवलेलं बरं."

"बघतो," दोरवाला म्हणाला. "पाणी घ्याल?"

मी जिवंत असेपर्यंत तुम्हाला इथून कुणी ऊठ म्हणणार नाही, असं मास्तर कधीकाळी बोलले होते. ते वाक्य त्या दिवशी तिघांनाही आठवत होतं. मास्तरांनी काढलं नाही आणि या दोघांनी काढू दिलं नाही. माणूस भला होता, त्याला तोंडघशी पाडून काय मिळणार होतं?

जागा म्हणजे काय, पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत चूल, एकीत वाखाचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांतून उरेल तेवढ्या जागेत माणसं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी त्यांच्या शाळकरी पोरीची वह्या-पुस्तकं घेऊन भिंतीच्या सावलीत पळापळ. पाणी पलीकडच्या गल्लीतल्या पंपावरून. पण खोल्यांच्या अंगाने ती पट्टी होती, ऐंशी पावलं, सरळसोट, खाचखळगा नसलेली. दोरवाल्याला घर नसलं तर चालतं, पट्टी लागते.

चाकवालीचा भाऊ बाजारपेठेच्या गावात तेलगिरणीत कामाला होता. तिने फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी निरोप घेऊन हजर झाला. गिरणीच्या मागे एक खोली रिकामी झाली होती. दाजींना गिरणीत पोती उचलायचं काम मिळेल, मागच्या अंगणात चाक मांडून फावल्या वेळात दोर वळता येईल.

"पण ताई, मालक शुक्रवार दुपारपर्यंत थांबणार. मागे आणखी दोघं आहेत."

"अंगण केवढं आहे?" दोरवाल्याने विचारलं.

भाऊ गोंधळला. "चांगलं आहे की."

"पावलं किती?"

आता गिरणीतल्या माणसाला हे कसं ठाऊक असणार? मग चाकवाली स्वतःच बघून आली. बसने गेली, बसने आली. पदर खोचून तिने गिरणीच्या मालकासमोर अंगण पावलांनी मोजलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बावीस. बावीस पावलांत गुराचं दावं होतं, बादलीचा दोर होतो, झोपाळ्याचाही होईल. नावेचा दोर होत नाही, आणि या घराचं नाव होतं ते नावेच्या दोरावर.

घरी येऊन तिने तेवढंच सांगितलं, बावीस. बाकीचं सांगितलं नाही. खोलीची खिडकी उघडत होती, फरशी गुळगुळीत होती, मोरीत नळ होता. तिने नळ सोडून बघितला होता आणि पाण्याखाली हात धरून उगीच उभी राहिली होती, गिरणीचा मालक बाहेर खाकरला तेव्हा भानावर आली. तिला ती खोली आवडली होती. इतकी आवडली होती की परत येताना बसमध्ये तिला स्वतःची लाज वाटली. तिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून भरून यायचा, केस विंचरायला हात वर जायचा नाही. बावीस पावलांचा दोर लवकर संपतो. हे तिला नवऱ्याला सांगायचं होतं, पण कसं सांगणार?

"बाबांना विचारू," दोरवाला म्हणाला.

"विचारा ना मग."

"विचारतो."

विचारलं नाही. पट्टी म्हाताऱ्याने स्वतः घडवली होती. दगड वेचून, माती ठोकून, एकेक मूळ उपटून. त्याच्या कानावर जायला नको म्हणून दोघं त्याच्यासमोर मूग गिळून बसायची. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते, कान शाबूत होते. तो फळीवर बसून ऐकत होता आणि तोही काही बोलत नव्हता.

मग बघणारी माणसं यायला लागली. मास्तर आधी सांगायचे, पण माणसं सांगितल्या वेळी कधी आली आहेत? एकदा एक नवरा-बायको आले तेव्हा चाकवाली भाकऱ्या थापत होती. बाई चपलांसकट चुलीपर्यंत आली. "ही भिंत पाडली की इथे गाडी लागेल," ती नवऱ्याला म्हणाली. मग नाक मुरडून वर बघितलं. "काळंकुट्ट केलंय छत." चाकवाली पिठाचे हात घेऊन उभी. आपल्याच चुलीच्या धुराची तिला शरम वाटली. भाकरी तव्यावर करपली ती कळलीच नाही. ती करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली.

दुसऱ्या एकाने म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, पावसात पाणी भरतं का इथे?"

"भरतं की," म्हातारा म्हणाला. "आणि साप निघतात."

त्या माणसाने फाटक गाठलं. दोरवाल्याला हसू आवरेना, कित्येक दिवसांनी तो असा हसला. पण संध्याकाळी मास्तर आले आणि नुसते म्हणाले, "असं करू नका हो. मलाही जायचंय." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की म्हाताऱ्याने मान खाली घातली.

बुधवारी मास्तर पुन्हा आले, या वेळी जरा तरतरीत. "वखारवाला बघायला येतोय. उद्या चार वाजता. लाकडं ठेवायला जागा हवीय त्याला, राहायचं नाही. म्हणजे राखणीला माणूस लागणारच. तुम्ही सरळ बोला त्याच्याशी. मी शब्द टाकीन, पण तुम्ही बोला."

त्या संध्याकाळी घरात जरा जीव आला. दोरवाल्याने धुतलेला सदरा खुंटीला टांगून ठेवला. बोलायचं कुणी यावर थोडा वाद झाला. तो बोलायला लागला की दोन वाक्यांत भांडण होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून चाकवालीने बोलायचं ठरलं. "साहेब, आम्ही सव्वीस वर्षं इथे आहोत, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. आम्हाला राहू द्या, तुम्ही म्हणाल तसं राहू." ती भांडी घासताना हे पुटपुटत होती. चारदा म्हणून झाल्यावर ते वाक्य तिला भिकाऱ्याचं वाटायला लागलं.

"आणि नाही म्हणाला तर?" तिने विचारलं.

"तर शुक्रवार आहेच. तुझ्या भावाला सकाळी कळवू."

तेवढ्यावर ती निजली. एक नाही तर दुसरं, काहीतरी हातात होतं.

गुरुवारी नावाड्याचा दोर करायचा होता. नाव नदीपलीकडे ओढायचा, जाड, पूर्ण साठ पावलांचा. नावाडी संध्याकाळी न्यायला येणार होता. पहाटे सुरुवात केली की दोनपर्यंत उरकेल, मग हातपाय धुऊन वखारवाल्याला सामोरं जायचं, असा दोरवाल्याचा हिशेब. पण वाऱ्याने घात केला. सकाळपासून कोरडा, झळांचा वारा सुटला. अशा हवेत वाख काडीसारखा मोडतो. पोर शाळेत गेली होती, म्हणून चाकवालीनेच पंपावरून दोन खेपा करून पाणी आणलं आणि पेडांवर शिंपडलं. पेड दोनदा तुटला, दोनदा सांधला. तळहात सोलवटले, ओठांवर वाखाची कुसळं बसली. म्हातारा सकाळपासून फळीजवळ टोपलं डोक्यावर धरून बसून होता, आत जा म्हटलं तर जाईना. पेड तयार होऊन आकड्यांना लागले तेव्हा अडीच वाजले होते.

"उद्यावर टाकायचा का?" तिने विचारलं.

"ओला केलाय. उद्यापर्यंत कडक होईल." दोरवाल्याने सूर्याकडे बघितलं. "तासाभरात होतो. चार वाजायला वेळ आहे."

म्हातारा फळीवर बसला, शेजारी सहा दगड. दोरवाल्याने ठोकळा उचलला. चाकवालीने दांडा फिरवायला सुरुवात केली आणि खांद्यातून पहिली कळ निघाली.

वखारवाला तीन वाजताच आला.

मोटार फाटकाशी थांबली. मास्तर मागच्या दाराने घाईघाईने उतरले. दोर चालू आहे हे त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि कपाळाला हात लावला. दोरवाला अजून अर्ध्यावर होता, अंगावर बनियन, गुडघ्यापर्यंत धूळ. त्याने मोटार बघितली, बायकोकडे बघितलं आणि पुन्हा ठोकळ्याकडे. पाऊल थांबवलं नाही.

"हे राहतात ना इथे?" वखारवाला जाडजूड, घामाने डबडबलेला माणूस होता. "अहो! जरा इकडे येता का?"

दोरवाला आला नाही.

"ऐकू येत नाही का यांना?"

"येतं, येतं," मास्तर म्हणाले. "दोर चालू आहे, मधे सोडता येत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं तर..."

"मला पाच वाजता दुसरीकडे पोचायचंय." तो चाकाकडे आला. माणूस वाईट नव्हता. त्याने चाक, आकडे, ताणलेले पेड नीट बघितले. "हाताने वळता? अजून?"

"हो साहेब," चाकवाली म्हणाली. दांडा फिरतच होता.

"किती वर्षं आहात?"

तिचं वाक्य इथूनच सुरू होत होतं. "सव्वीस. म्हणजे हे सव्वीस. मी सोळा."

"जागा मी घेतोय असं धरा. मास्तरांचा शब्द आहे तुमच्यासाठी, म्हणून सांगतो, तुम्हाला हलवत नाही. राहा. ही पट्टी लाकडांनी भरेल, हे चाकबिक काढावं लागेल. तुमच्या मालकांना लाकडं चढवायचं काम देतो. तुम्ही झाडलोट करा, माणसं आली की चहा करा. म्हातारबुवा बसल्या बसल्या लक्ष ठेवतील."

"त्यांना दिसत नाही."

"मग असू देत, बसतील." त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "बोला. तुम्ही नाही म्हणालात तर मेव्हणा तयारच आहे माझा, सहा महिने मागे लागलाय. त्याला आत्ता फोन करून मोकळा होतो."

मास्तर तिच्याकडे आशेने बघत होते. हो म्हण, हो म्हण, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो वीसेक पावलांवर होता, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. वाऱ्यामुळे त्याला इथलं काही ऐकू जात नव्हतं. त्याच्या मागे दोर होत होता, जाड, भरीव, एकसारखा. दोरवाल्याच्या पट्टीवर लाकडं रचायची आणि ती याच माणसाने रचायची, मग संध्याकाळी त्याच लाकडांना टेकून बसायचं. चाक सरपणाला. तिच्या मनात नळाखाली धरलेले हात आले. उद्या दुपारपर्यंत वेळ होता. बावीस पावलं तर बावीस, पण तिथे चाक होतं.

तालीम केलेलं वाक्य बाजूला सारून ती म्हणाली, "आमची सोय झालीय साहेब. शनिवारी जागा रिकामी करून देतो."

"पक्कं?"

"पक्कं."

"उत्तम." तो खरंच खूश झाला. "माझंही काम सोपं झालं."

मास्तरांचा चेहरा क्षणभर उतरला, मग सैलावला. "बरं झालं बाई. माझा जीव टांगणीला लागला होता तुमच्यापायी," असं म्हणून ते वखारवाल्याला मागची भिंत दाखवायला घेऊन गेले.

चाकवालीला हलकं हलकं वाटलं. सोळा वर्षांत या घरात तिने एवढा मोठा निर्णय घेतला नव्हता. भाजीत मीठ किती, याच्यापलीकडे कुणी तिला विचारलंही नव्हतं. नवऱ्याला कसं सांगायचं, ते ती जुळवू लागली. चिडेल. दोन दिवस जेवणार नाही. मग येईल गोडीत.

दोघं परत आले, फाटकाकडे वळले. वखारवाल्याने खिशातून फोन काढला. तोपर्यंत दोरवाला सहा पावलांवर आला होता आणि त्याने तोंड उघडलं. दोर चालू असताना तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला.

"काय म्हणाला? ठेवतोय ना?"

ती दांडा फिरवत राहिली.

"ठेवायलाच पाहिजे त्याने. मी तुला सांगितलं नाही, सकाळी तू पंपावर गेलीस तेव्हा तुझ्या भावाचा फोन आला होता. गिरणीचा मालक घाई करतोय म्हणाला, आत्ताच काय ते सांगा. मी नको म्हणून टाकलं. बाबांना इथून उचलून त्या बावीस पावलांत नेऊन टाकायचं म्हणजे... माझ्याच्याने नाही होणार. दिली त्याने दुसऱ्याला लगेच."

फाटकाबाहेर वखारवाला मोटारीला टेकून फोन कानाला लावत होता. वीस पावलं. धावली असती तर चार श्वासांत पोचली असती. साहेब, थांबा, चुकून बोलले, राहतो आम्ही. तिची बोटं दांड्यावर सैल झाली आणि चाक कुरकुरलं.

"सोडू नको!" दोरवाला ओरडला. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं, त्याची नजर पेडांवर होती. "पाच पावलं राहिलीत!"

आणि तिने सोडलं नाही. का सोडलं नाही, ते तिला नंतर कितीदा तरी शोधूनही सापडलं नाही. हात आपोआप आवळला गेला. तिने फिरवलं. पाच. चार. बाहेर वखारवाला मोठ्याने हसला, "ये मग शनिवारीच, सामान घेऊन," असं काहीतरी म्हणाला. तीन. मोटारीचं दार लागलं. दोन. मोटार सुरू झाली. ठोकळा चाकाला टेकला, दोरवाल्याने टोक आवळलं, गाठ मारली आणि मग तिने दांडा सोडला. रस्त्यावर धूळ तेवढी होती.

"सुरेख उतरलाय," दोरवाला दोरावर थाप मारून म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याने पाठ सरळ केली. "आता सांग, काय म्हणाला?"

तिने सगळं सांगितलं. वखारवाल्याचा शब्द न् शब्द, आणि आपलाही. दोरवाला ऐकत राहिला. तिला वाटलं हात उगारेल. त्याने तेही केलं नाही. तो चाकाशेजारी उकिडवा बसला आणि सोलवटलेले तळहात बघत राहिला.

"मला विचारायचंस तरी," तो म्हणाला.

"तुम्ही मला विचारलंत?"

तिकडून म्हातारा उठला होता. एक हात ताणलेल्या दोरावर ठेवून, दोर चाचपत, थांबत थांबत तो चाकापर्यंत आला. वाटेत त्याला दोष सापडला नाही, म्हणून खुशीत होता.

"मोटार कुणाची होती?"

सुनेनेच सांगितलं, जागा विकली गेली बाबा.

"जाणारच होती." म्हाताऱ्याने मान डोलावली. "मग गिरणीत कधी जायचं? तुम्ही दोघं कुजबुजता ते काय मला ऐकू येत नाही? मी आपला वाट बघत होतो, कधी सांगताय. माझं काय, डबा आणि घोंगडी, दोन्ही बांधून ठेवलीत परवाच. फक्त बसमध्ये मला पुढे बसवा, मागे बसलं की मळमळतं."

दोरवाल्याने बायकोकडे बघितलं. तिने नजर काढून घेतली आणि आकड्यांवरून दोर उतरवायला लागली. नावाड्याची यायची वेळ झाली होती.